सुताराचं देणं कोण लागत होतं?

(वाचकांचे प्रश्न : जुनी दप्तरं आणि आपली माणसं)

प्रश्न : ताई, नमस्कार. वय अडुसष्ट, राहणार ऐरोली. आमचं मूळ गाव वाई तालुक्यात. खापरपणजोबा तिथले सुतार. त्यांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव, एवढंच ठाऊक आहे. मोठ्या दुष्काळात बायकोमुलांना घेऊन ते मुंबईला आले आणि परळला रेल्वेच्या कारखान्यात लागले, असं आजोबा सांगायचे. घरात त्यांचा एक वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आहे, दांडा दोनदा बदललाय. गावात आता घर नाही, जमीन तर कधीच नव्हती. माझा भाचा इंग्लंडात असतो. तो म्हणतो, तिकडे दीडशे वर्षांपूर्वीचा साधा सुतारसुद्धा जनगणनेच्या कागदात बायकोपोरांसकट सापडतो. आपल्याकडे का सापडू नये? मी सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, मीही सुताराची मुलगी. वाकसाचा दांडा दोनदा बदलला असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मी थांबले. दांडा झिजतो तो वापरून. म्हणजे ते हत्यार तुमच्या घरात खुंटीला नुसतं टांगलेलं नव्हतं, पुढच्या पिढ्यांनीही त्यावर पोट भरलं. ही पहिली नोंद तुमच्याजवळ आहेच. उजेडात धरून पात्यावर छाप आहे का ते बघा. गावच्या लोहारानं घडवलेल्या पात्यावर छाप नसतो. शेफील्डसारखा विलायती छाप दिसला, तर ते हत्यार बहुधा शहरात विकत घेतलेलं, म्हणजे गाव सोडल्यानंतरचं.

आता तुमच्या भाच्याचं. तो म्हणतो ते खरं आहे. इंग्लंडात १८४१ पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं, ते कागद जपले आणि शंभर वर्षं झाली की लोकांना खुले केले. आपल्याकडेही मोजणी झाली. मुंबई शहराची १८६४ मध्ये, इलाख्याची १८७२ मध्ये, सगळ्या देशाची १८८१ मध्ये. पण घरोघरचे तक्ते बेरीज झाल्यावर ठेवले नाहीत. उरले ते आकडे. १८८१ साली मुंबईत ७,७३,१९६ माणसं मोजली, त्यांत तुमचे खापरपणजोबा कुठेतरी एक म्हणून आहेत. नावानं नाहीत. त्या वाटेला जाऊ नका, वेळ जाईल आणि मन खट्टू होईल.

मी अभिलेख कक्षात एकतीस वर्षं काढली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. सुतारासारखा माणूस स्वतःसाठी कागद करत नाही. कागद होतो तो देण्याघेण्यापायी. त्याला देणं कोण लागत होतं आणि तो कुणाचं देणं लागत होता, एवढं शोधलं की तो दिसू लागतो.

त्याचं देणं अख्खं गाव लागत होतं. सुतार हा बलुतेदार, आणि तोही थोरल्या कासेतला, म्हणजे बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. नांगराचं खोड, रुमणं, कुळव, पाभरीचं चाडं, जू, गाडीच्या चाकाचे आरे, मोटेची चाकं हे सगळं त्यानं वर्षभर दुरुस्त करायचं. रोख मजुरी नाही. सुगीला खळ्यावर जायचं आणि ठरलेला वाटा घ्यायचा. नवी गाडी किंवा घराचं काम निघालं तर त्याचे पैसे वेगळे. गावावर असा हक्क होता म्हणूनच तो गावाच्या कागदात येतो : गावझाड्यात, ताळेबंदात, देवळाच्या खर्चात, पाटलाच्या लग्नातल्या मानपानाच्या यादीत. तिथे नाव बहुधा ‘अमुक बिन तमुक सुतार’ असं असतं. ‘बिन’ म्हणजे मुलगा. शेवटचा ‘सुतार’ हे आडनाव समजू नका, ती जात आणि धंदा. तुमचं आजचं आडनाव त्या कागदांत सापडेल अशी आशाच धरू नका. मुंबईत आल्यावर कुणी मिस्त्री झाले, कुणी पांचाळ, कुणी गावाच्या नावाला ‘कर’ लावलं. शोध घ्यायचा तो बापलेकांच्या जोडीचा. ती दोन्ही नावं तुमच्याजवळ आहेत, हे मोठं भांडवल आहे.

सरकारी दप्तरांची सुरुवात तालुक्यापासून करा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. खिडकीवर ‘कोतवाल बुक’ म्हणा, लगेच कळेल. ही गावची जन्ममृत्यूची वही. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण असे रकाने असतात. अर्जात गाव, जात आणि वर्षं नेमकी लिहा. ‘पूर्वजांची माहिती मिळावी’ असा मोघम अर्ज केलात तर त्यावर कुणी काहीच करू शकत नाही. ‘मौजे अमुक, सन १८८० ते १८९०, जात सुतार, जन्म व मृत्यूच्या सर्व नोंदी’ असं लिहा. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव पुष्कळदा नसतं, ‘अमुक यास मुलगा झाला’ एवढंच. आईचं नाव तर फार क्वचित. मला याचं आजही वाईट वाटतं. ज्या बाईनं दुष्काळात मुलं जगवली, तिचा उल्लेख मरतानाच्या एका ओळीत, तोही ‘अमुकची बायको’ असा.

तुमचे खापरपणजोबा गाव सोडून गेले, मग गावच्या वहीत ते कसे असतील, असं तुम्हाला वाटेल. पण सगळं घर एका दिवसात उठत नाही. म्हातारे आईबाप मागे राहतात, भाऊ बलुतं सांभाळतो, सून पहिल्या बाळंतपणाला गावी येते. त्या भावाच्या, त्या आईबापाच्या नोंदी शोधा.

एक ताजी गोष्ट सांगते. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभरातल्या अभिलेख कक्षांतली जुनी मोडी दप्तरं उघडली गेली, तपासली गेली, पुष्कळ पानांच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. शोधणाऱ्यांनी कुणब्याची ओळ शोधली, पण प्रतिमा अख्ख्या पानाची असते. त्याच पानावर दोन ओळी खाली सुतार असतो, कुंभार असतो, परीट असतो. आपल्या गावाची पानं आहेत का ते आधी घरबसल्या बघा.

‘जमीन कधीच नव्हती’ हे तुमचं वाक्य मी तरी तपासल्याशिवाय मान्य करणार नाही. काही गावांत सुताराला बलुत्याखेरीज इनाम जमिनीचा तुकडाही असायचा. भूमी अभिलेख कार्यालयात गावच्या पहिल्या मोजणीची कागदपत्रं मागा. इंग्रजी अमलातल्या या मोजणीची घडी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून बसवली. ती तुमच्या भागात आली सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर. त्यातलं फेसलपत्रक पाहा. कुठल्या नंबराचा धारक कोण, आकार म्हणजे सारा किती, इनाम असेल तर कशाबद्दल, हे त्यात मिळतं. तुकडा निघाला नाही तरी हरकत नाही, शेजारच्या नंबरांवरून गावात कोण कोण होतं ते कळतं.

आता मी माझ्या घरचं सांगते, कारण तुम्हाला ते उपयोगी पडेल.

आमच्या खापरपणजोबांनी गावच्या देवळाचा सभामंडप एकट्यानं उभा केला, असं मी लहानपणापासून ऐकत आले. देवळाच्या जमाखर्चाच्या वहीत शोधलं तर सभामंडपाच्या कामावर तीन सुतार निघाले. आमचे त्यांपैकी एक, आणि त्यांची मजुरी दोन महिन्यांची. वडील हयात होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘बाकीचे दोघं कोण होते?’ त्या प्रश्नामुळे आम्हाला शेजारच्या गावातलं आमचंच एक घर सापडलं. भावकी होती, येणंजाणं तुटलं होतं.

दुसरा कागद सापडला तो सरकारी दप्तरात नव्हताच. गावच्या जुन्या सावकाराच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले कागद होते. त्या घरच्या वहिनींनी मला दोन दिवस ओसरीवर बसून ते वाचू दिले. त्यात १८७८ सालचं एक गहाणखत निघालं. घराचे दोन खण आणि परड्यातली चार बाभळीची झाडं, पंचेचाळीस रुपयांना. बाभूळ म्हणजे सुताराचा कच्चा माल. चाकं, नांगर, कुळव सगळं बाभळीचं. ती झाडं माणूस शेवटीच गहाण टाकतो. खाली लिहिणाऱ्याचा दस्तूर, म्हणजे सही, आणि आमच्या खापरपणजोबांना लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांची निशाणी. जुन्या कागदांवर पाटलाची निशाणी नांगर असते, तसा इथे त्यांनी वाकस काढला होता. दोन रेघांचा दांडा आणि पुढे वाकडं पातं. टाक धरायची सवय नसलेल्या हातानं काढलेला, पण पात्याचा बाक अगदी बरोबर.

आणखी एक गोष्ट मला तो कागद हातात घेतल्यावर कळली. कर्ज फिटलं की सावकार गहाणखत फाडून कुळाच्या हाती देत असे. हे खत फाटलेलं नव्हतं. धडधाकट, घडीसकट सावकाराच्याच रुमालात होतं. म्हणजे पंचेचाळीस रुपये फिटले नाहीत आणि घर गेलं. आम्ही गावच्या दुसऱ्या टोकाला का राहत होतो, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

म्हणून तुम्हाला सांगते, निबंधकाच्या कार्यालयात अवश्य जा, पण तिथे थांबू नका. शंभर रुपयांच्या आतल्या गहाणाची नोंदणी तेव्हा सक्तीची नव्हती आणि सुताराचे व्यवहार पुष्कळदा त्याच्या आतले. ते कागद सावकारांच्या वंशजांकडे आहेत. आणि १८७९ च्या शेतकरी कायद्यानं पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर होऊ लागले. ती दप्तरं मिळाली तर साक्षीदारांची नावं वाचा. कुणबी गहाण लिहून देतो आणि साक्षीला शेजारचा सुतार बसतो.

तुमच्या घरातला मोठा दुष्काळ म्हणजे बहुधा १८७६ ते ७८ चा. त्यात बलुतेदाराची दशा शेतकऱ्याहूनही बिकट होती. पीक नाही म्हणजे खळं नाही, खळं नाही म्हणजे वाटा नाही. बैलच मेले तर नांगर दुरुस्त कुणासाठी करायचा? सुतार गाव सोडतो तेव्हा त्याचं गिऱ्हाईकच संपलेलं असतं. मुंबईनं मात्र तेव्हा सुताराला जवळ केलं. गाडीचे डबे लाकडी होते. आता ‘परळचा कारखाना’ याबद्दल सावध राहा. परळला दोन रेल्वे कंपन्यांचे कारखाने होते : जीआयपी, म्हणजे आजची मध्य रेल्वे, आणि बीबीसीआय, म्हणजे आजची पश्चिम. जीआयपीचा कारखाना आधी भायखळ्याला होता, तो परळला १८७९ मध्ये आला. तुमचे खापरपणजोबा १८७७ ला आले असतील आणि जीआयपीत लागले असतील, तर पहिली हजेरी भायखळ्याची असणार. घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतं का बघा : ते कामावर कुठून जात, पहिली खोली कुठे होती. क्रॉफर्ड मार्केटजवळ सुतार चाळ आजही त्याच नावानं आहे. आणि हेही लक्षात घ्या की घरची गोष्ट कधी कधी दोन पिढ्या एकत्र करते. मुंबईला बाप आला असेल, कारखान्यात मुलगा लागला असेल. गिरण्यांमध्येही सुतारखातं असायचं.

मुलगा मुंबईत शिकला का ते बघा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, जात, पालकाचं नाव, आधीचं गाव मिळतं. तिथे नाही सापडला तर गावच्या जुन्या शाळेत.

एक काम मात्र मी सगळ्यांत आधी केलं असतं. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला जाऊन तुमच्या गावच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी पाहा. पुष्कळ कुटुंबांच्या वंशावळी तिथल्या वह्यांत उतरलेल्या आहेत. कुणीतरी अस्थी घेऊन गेलं, कुणी सिंहस्थाला गेलं, तेव्हा उपाध्यायांनी गाव, जात आणि बापआजाची, भावांची, मुलांची नावं लिहून घेतली. तिथे गेल्यावर आडनाव सांगू नका, आधी गाव सांगा आणि मग जात. दक्षिणा द्या, वहीचा फोटो घेऊ देतात का ते नम्रपणे विचारा, नाही म्हणाले तर बसून उतरवून घ्या. सरकारी दप्तरात बाईचं नाव नाही, पण इथे कधी कधी असतं. आमच्या खापरपणजीचं नाव मला तिथेच मिळालं.

प्रश्न : माझ्याकडे आमच्या घराण्यातल्या सुतारकीच्या वतनाचा एक मोडी कागद आहे. वाचून घेतला. पण साल ‘खमस सलासीन मयातैन व अलफ’ असं आहे, ते कुठलं? वाचून देणाऱ्यांनी १२३५ सांगितलं. इतका जुना कागद असेल का? (कराड)

उत्तर : १२३५ बरोबर आहे, पण ते इसवी सन नव्हे. हा सुहूर सन, आकडे अरबी शब्दांत लिहायचा प्रघात होता. खमस म्हणजे पाच, सलासीन तीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. सुहूर सनात ५९९ मिळवा : १८३४. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं, म्हणून कागद १८३४-३५ मधला. जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे. तेव्हा साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह गादीवर होते, त्यामुळे कागदाची जोडप्रत किंवा त्याच वतनाचे आणखी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात सातारकर महाराजांच्या दप्तरात शोधता येतील. नंतरच्या महसुली कागदांत फसली सन भेटेल, त्यात ५९० मिळवा. शकात ७८.

कागद कशाबद्दलचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. भाऊबंदांच्या भांडणाचा असेल तर जिवापाड जपा. वतनाच्या वाटणीवरून तंटा झाला की दोन्ही बाजू आपापली वंशावळ सांगतात, गोत, म्हणजे गावभावकीची सभा, साक्षीला बसतं, महजर, म्हणजे लेखी निवाडा, होतो. ज्या घरात भांडण झालं नाही, त्या घराच्या तीन पिढ्या सलग एका कागदावर मिळणं फार अवघड. कागदाला प्लॅस्टिकचं आवरण चिकटवून घेऊ नका. असे तीन कागद कायमचे गेलेले मी पाहिलेत. सुती कापडात सपाट ठेवा.

प्रश्न : मी मॉरिशसची मराठी. माझे पूर्वज रत्नागिरीकडचे, सुतार होते असं घरी म्हणतात. रत्नागिरीला येऊन शोधू का?

उत्तर : बाई, येण्याआधी तुमच्या स्वतःच्या बेटावर शोधा. तुमच्याकडचे कागद आमच्याहून चांगले आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, दप्तरं आहेत. जहाज, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण अशी माहिती त्यांत मिळते, आणि १८६० च्या दशकाच्या मध्यापासून पुष्कळांचे फोटोसुद्धा. इथल्या कुठल्याही सुताराचा त्या काळातला फोटो मी आजवर पाहिलेला नाही. तुम्हाला तुमच्या पूर्वजाचा चेहरा दिसू शकतो.

गावाचं नाव इंग्रजी कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असणार, ते मोठ्यानं वाचून बघा. तालुका कळला की मला कळवा. जातीच्या रकान्यात सुतार सापडलं नाही तरी घरची गोष्ट खोटी ठरत नाही, कारण मळ्यावर पाठवायला भरती करणाऱ्यांना शेतावर राबणारी माणसं हवी असत आणि कारागीर स्वतःला कुणबी म्हणवून घेई. तशा वेळी मळ्यावरच्या पुढच्या नोंदी बघा. करार संपल्यावर हातात पुन्हा करवत आली असेल, तर ती मुलाच्या लग्नाच्या दाखल्यात बापाच्या धंद्यासमोर लिहिलेली असेल.